हृदय थांबते तेव्हा : हैदराबादचा एक जुना धडा

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

माणूस चालता-बोलता कोसळला आणि डॉक्टर येण्यापूर्वीच गेला, अशा बातम्या आपण वरचेवर ऐकतो. 'हार्ट फेल झाले' असे म्हणून लोक हळहळतात आणि 'ज्याची त्याची वेळ' असे बोलून विषय संपवतात. परंतु अशा मृत्यूंपैकी काही टाळता येतात. ते टाळण्यासाठी दर वेळी मोठे इस्पितळ किंवा नामांकित डॉक्टर जवळ असावा लागतो असे नाही. पहिल्या काही मिनिटांत जवळच्या माणसांनी काय केले यावरच पुष्कळसे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच पहिल्या काही मिनिटांचा विचार करावयाचा आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकीय विषयावर का लिहावे, अशी शंका कोणी घेईल. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, हा विषय डॉक्टरांपेक्षा सामान्य माणसाशीच अधिक निगडित आहे. दुसरे असे की, थांबलेल्या हृदयाच्या अभ्यासात आपल्या हैदराबाद शहराला जगाच्या इतिहासात एक जागा आहे, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या आठ वर्षे आधी याच शहरात 'हृदय आधी थांबते की श्वास ?' या प्रश्नावर जगातील त्या काळचा एक मोठा प्रयोग झाला होता, हे मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

झटका वेगळा, हृदय बंद पडणे वेगळे

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. हृदयविकाराचा झटका आणि हृदय अकस्मात बंद पडणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या एक नाहीत. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी नळी तुंबली की झटका येतो. हा नळाचा बिघाड म्हणावा. अशा वेळी छातीत दुखते, घाम येतो, परंतु माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो आणि त्याला इस्पितळात नेण्यास काही अवधी मिळतो.

हृदय अकस्मात बंद पडणे हा विजेचा बिघाड आहे. हृदयाचे ठोके त्यातच निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युत्संदेशांवर चालतात. हे संदेश विस्कळीत झाले की हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन-प्रसरण पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. या थरथरीला डॉक्टर 'व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन' असे म्हणतात. शंभर माणसांनी एका तालात दोर ओढावा तर रथ हलतो, पण प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे हिसके दिले तर घाम सर्वांना येतो आणि रथ जागचा हलत नाही. थरथरणाऱ्या हृदयाचे असेच होते. स्नायू काम करीत असतात, पण रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांतच माणूस बेशुद्ध पडतो. चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूला इजा होऊ लागते. तुंबलेल्या नळीमुळे ही थरथर सुरू होऊ शकते, म्हणजे झटक्याचे पर्यवसान हृदय बंद पडण्यात होऊ शकते. परंतु ज्यांना पूर्वी कधी छातीत दुखले नाही अशा तरुणांच्या बाबतीतही ती अन्य कारणांनी होते.

१८८९ सालचे हैदराबाद

आता आपल्या शहराच्या इतिहासाकडे वळू. एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ साली शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला आणि थोड्याच दिवसांत तो जगभर पसरला. पण त्याबरोबर एक भीतीही पसरली. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देताच दोन-तीन मिनिटांत दगावली. त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून घडतच राहिले. क्लोरोफॉर्मने हृदय एकदम बंद पडते, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दुसरा पक्ष म्हणे की, हृदयाला काही होत नाही. डोस जास्त झाल्याने श्वास आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे न पाहता श्वासाकडे पाहावे.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन आणि येथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे दुसऱ्या पक्षाचे कट्टर पुरस्कर्ते होते. आपले मत सिद्ध करण्यासाठी त्यांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ साली एक मंडळ नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले. हेच पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन होय. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली. तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊ केले आणि 'लॅन्सेट'ने आपला तज्ज्ञ हैदराबादेस पाठवावा असे आव्हान दिले. त्याप्रमाणे डॉ. लॉडर ब्रंटन हे प्रख्यात औषधशास्त्रज्ञ १८८९ साली येथे आले आणि दुसरे कमिशन भरले. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे आणि ससे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि रक्तदाबाच्या नोंदी आलेखावर घेण्यात आल्या. येथील वैद्यकीय शाळेचे विद्यार्थी व पदवीधर या कामात सहभागी होते. त्यांपैकी डॉ. रूपाबाई फर्दूनजी या पारशी महिलेची गणना पुढे जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांमध्ये होऊ लागली.

ब्रंटन आले तेव्हा क्लोरोफॉर्मने हृदय बंद पडू शकते, असे त्यांचे मत होते. प्रयोग पाहून त्यांनी ते बदलले. श्वास नेहमी आधी थांबतो आणि हृदय मागाहून. क्लोरोफॉर्मचा हृदयावर प्रत्यक्ष घात होत नाही, असा कौल दुसऱ्या कमिशननेही दिला. हैदराबादचे नाव जगातील वैद्यकीय नियतकालिकांत गाजले. एका संस्थानिकाच्या देणगीतून, देशी विद्यार्थ्यांच्या मदतीने, लंडनच्या तज्ज्ञाला आपले मत बदलावयास लावणारे संशोधन येथे झाले, ही गोष्ट आजही अभिमानाची आहे.

निष्कर्ष कोठे चुकला ?

परंतु तो कौल अपुरा होता. प्राण्यांना क्लोरोफॉर्मचा मोठा डोस दिला तर श्वास आधी थांबतो, हे प्रयोगात दिसले आणि ते खरेही होते. पण माणसे मरत होती ती पुष्कळदा भूल पुरती चढण्यापूर्वी, नख काढणे किंवा दात उपटणे यांसारख्या किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी, आणि तीही घाबरलेली असताना. १९११ साली डॉ. गुडमन लेव्ही यांनी मांजरांना क्लोरोफॉर्मची हलकी भूल देऊन दाखवले की, त्या अवस्थेत थोडे अॅड्रेनलिन रक्तात गेले तर हृदयाचे कप्पे थरथरू लागतात आणि प्राणी तत्काळ मरतो. भीतीने शरीरात अॅड्रेनलिन वाढते हे आपण जाणतोच. म्हणजे शस्त्रक्रियेच्या मेजावर घाबरलेल्या रोग्याचे हृदय खरोखरच आधी थांबत होते.

आश्चर्य असे की, याचे उत्तर त्याच १८८९ साली स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे लिहिले गेले होते. जॉन मॅकविल्यम या शरीरशास्त्रज्ञाने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये असे प्रतिपादन केले की, माणसाचा आकस्मिक मृत्यू पुष्कळदा हृदय शांत होऊन नव्हे तर ते थरथरू लागल्यामुळे होतो. त्या वेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून एक धडा मिळतो. नमुना कितीही मोठा असला तरी तो ज्या समूहाविषयी आपण बोलतो त्या समूहाचे प्रतिनिधित्व करीत नसेल, तर निष्कर्ष फसतो. शेकडो प्राणी मोजले, पण जी परिस्थिती माणसे मारीत होती ती नमुन्यात पुरेशी आलीच नाही.

येथे एक व्यावहारिक मुद्दाही आहे. हृदय बंद पडल्यानंतरही काही मिनिटे माणूस मधूनमधून घशातून घरघर करीत हवा ओढतो. तो खरा श्वास नसतो. उपाशी मेंदूची ती शेवटची धडपड असते. पाहणाऱ्याला मात्र वाटते, 'श्वास चालू आहे, जीव आहे, थांबू या.' हृदय आधी थांबू शकते हे न मानण्याची किंमत अशी आजही मोजावी लागते.

विजेने बिघडलेले विजेने दुरुस्त

हृदयाची थरथर थांबवण्याचा उपाय चमत्कारिक वाटावा असा आहे. छातीतून क्षणभर जोराचा विद्युत्प्रवाह सोडला की सर्व स्नायुतंतू एकदम गप्प होतात आणि मग हृदयाचे नैसर्गिक केंद्र पुन्हा ताल धरू शकते. हे करणाऱ्या यंत्राला डिफिब्रिलेटर म्हणतात. जिनिव्हाचे प्रेव्होस्ट आणि बातेली यांना १८९९ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत हे तत्त्व दिसले. १९४७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाच्या उघड्या छातीत हृदयाला धक्का देऊन त्याला वाचवले. १९५६ साली बोस्टनच्या डॉ. पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून धक्का देऊन थरथर थांबवल्याचे प्रसिद्ध केले. १९६२ साली डॉ. बर्नार्ड लाउन यांनी अधिक सुरक्षित असा एकदिश प्रवाहाचा धक्का रूढ केला.

याच काळात बाल्टिमोर येथे विद्युत् अभियंता कौवेनहोवेन आणि त्यांचे सहकारी ज्यूड व निकरबॉकर यांनी दाखवून दिले की, छातीच्या मध्यभागी हाताने तालबद्ध दाब दिला तरी थांबलेल्या हृदयातून थोडे रक्त मेंदूपर्यंत पोहोचते. हा शोध १९६० साली प्रसिद्ध झाला. आज आपण ज्याला सी.पी.आर. म्हणतो त्याचा पाया हाच.

मग प्रश्न उरला अंतराचा. रोगी रस्त्यावर आणि यंत्र इस्पितळात ! बेलफास्टचे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ साली मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर बनवून रुग्णवाहिकेत बसवला. त्याचे वजन सुमारे ७० किलो होते. पुढे यंत्र हलके होत गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हृदयाचा आलेख स्वतःच वाचून निर्णय देणारी यंत्रे तयार होऊ लागली. हेच आजचे ए.ई.डी. म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटर. वजन दोन-तीन किलो, आकार जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा.

मिनिटांचा घसारा

आमच्या हिशेबशास्त्रात घसारा नावाचे एक प्रकरण आहे. यंत्राचे मूल्य दरवर्षी ठराविक टक्क्यांनी कमी होत जाते आणि शेवटी शून्यावर येते. हृदय थरथरू लागल्यावर माणसाच्या जगण्याच्या शक्यतेलाही असाच घसारा लागतो, फक्त तो वर्षांऐवजी मिनिटांचा असतो. काहीच उपाय न केल्यास दर मिनिटाला ही शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. सरळ रेषेच्या पद्धतीने हिशेब केला तर तिसऱ्या मिनिटाला ७० च्या आसपास, पाचव्या मिनिटाला ५० च्या आसपास आणि दहाव्या मिनिटाला जवळजवळ शून्य. छातीवर दाब देणे चालू ठेवले तर हाच घसारा मिनिटाला ३ ते ४ टक्क्यांवर येतो. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक रोग्याची प्रकृती वेगळी. परंतु त्याचा रोख स्पष्ट आहे. हातांनी घसारा मंद करावयाचा आणि यंत्राने मूळ बिघाड दूर करावयाचा.

प्रत्यक्ष अनुभव या हिशेबाशी जुळतो. अमेरिकेतील जुगारगृहांत सुरक्षारक्षकांना ए.ई.डी. वापरण्यास शिकवले, त्याचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळलेल्या ज्या रोग्यांना तीन मिनिटांच्या आत धक्का मिळाला त्यांपैकी ७४ टक्के वाचून घरी गेले. ज्यांना त्याहून उशीर झाला त्यांपैकी ४९ टक्के. शिकागोच्या विमानतळांवर भिंतींवर अशी यंत्रे बसवली. पहिल्या दोन वर्षांत तेथे हृदय थरथरण्याच्या १८ घटना घडल्या आणि त्यांपैकी ११ जणांचे हृदय पुन्हा सुरू करण्यात यश आले. या अकरांपैकी सहा जणांना मदत करणाऱ्यांना ए.ई.डी. वापरण्याचे कसलेही शिक्षण वा अनुभव नव्हता ! २००४ साली अमेरिका-कॅनडातील सुमारे एक हजार सार्वजनिक ठिकाणांची तुलना प्रसिद्ध झाली. जेथील स्वयंसेवकांना केवळ सी.पी.आर. येत होते तेथे १५ जण वाचले; जेथे त्याच्या जोडीला ए.ई.डी. होते तेथे ३०.

तीन उदाहरणे

आकड्यांपेक्षा उदाहरणे अधिक बोलकी असतात. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे युरोपीय फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा २९ वर्षांचा खेळाडू क्रिस्टियन एरिक्सन धावता-धावता मैदानात कोसळला. मैदानावरच सी.पी.आर. झाले, तेथेच ए.ई.डी.चा धक्का दिला गेला आणि तो शुद्धीवर आला. छातीत छोटा डिफिब्रिलेटर बसवून पुढच्याच वर्षी तो पुन्हा खेळू लागला.

आपले मराठी अभिनेते श्रेयस तळपदे यांना १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत दिवसभराच्या चित्रीकरणानंतर अस्वस्थ वाटू लागले. पत्नीने त्यांना मोटारीतून इस्पितळाकडे नेले. वाटेतच त्यांची शुद्ध हरपली आणि हृदय थांबले. सी.पी.आर. व विजेचा धक्का देऊन डॉक्टरांनी त्यांना परत आणले. आपण काही मिनिटे वैद्यकीय दृष्ट्या मृतच होतो, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. त्या वेळी त्यांचे वय ४७ होते. इस्पितळ जवळ होते म्हणून धक्का वेळेवर मिळाला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

तिसरे उदाहरण दुःखाचे आहे आणि आपल्या कन्नड विभागाच्या मित्रांना ते सांगावयास नको. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी बंगळूर येथे व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागलेले लोकप्रिय अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. संपूर्ण कर्नाटक हळहळले. त्यांच्या नावाने कर्नाटक शासनाने २०२३ साली 'हृदयज्योती' योजना सुरू केली, तिचा उद्देश तालुक्याच्या ठिकाणीही हृदयरोग्याला लवकर निदान व उपचार मिळावा हा आहे. दुःखातून शासनाने आणि समाजाने असा बोध घ्यावा, हे अनुकरणीय आहे.

आपल्या शहराची स्थिती

रुग्णवाहिकेच्या बाबतीत हैदराबादने पूर्वीच पुढाकार घेतला आहे. १०८ या क्रमांकाची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी याच शहरातून सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांनी ती स्वीकारली. तरीही संध्याकाळी कोठी, अबिड्स किंवा अमीरपेठच्या गर्दीतून कोणतीही गाडी चार मिनिटांत पोहोचणे कठीण, हे रोज बसने येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला समजते. म्हणजे पहिली मिनिटे सांभाळणे हे तेथे हजर असलेल्या माणसाचेच काम ठरते.

हे शक्य आहे याचे प्रत्यंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये आले. राजेंद्रनगर भागात आरामघर चौकाजवळ बसमधून उतरलेला एक मनुष्य कोसळला. तेथे काम करीत असलेल्या वाहतूक पोलिसाने न घाबरता त्याच्या छातीवर दाब देण्यास सुरुवात केली. त्याचे प्राण वाचले आणि ते चित्रण देशभर पाहिले गेले. लगेच मार्च महिन्यात तेलंगणा शासनाने सी.पी.आर. प्रशिक्षणाची मोहीम हाती घेतली आणि ए.ई.डी. यंत्रे आणण्याचे जाहीर केले.

याच्या उलट अनुभवही पुष्कळांना असेल. शहरातील एका मंगल कार्यालयात माझ्या आईच्या डोळ्यांदेखत आमच्या ओळखीचे एक काका पंगतीत बसलेले असताना एका बाजूस कलंडले. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तळपाय चोळले. मधूनच ते घरघर करीत एखादा श्वास ओढत, म्हणून सर्वांना धीर येई. छातीला मात्र कोणी हात लावला नाही. गाडी आली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. जमलेल्या दोन-अडीचशे माणसांत शिक्षक होते, बँकेतले अधिकारी होते, पदवीधर तर कितीतरी होते. कोणाच्या मनात काकांविषयी प्रेम कमी होते असे नाही. काय करावे हे कोणी कधी शिकवलेच नव्हते.

काय करावे ?

२०१७ साली भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य लोकांसाठी एक सोपी पद्धत ठरवून दिली. तिला 'कॉल्स' म्हणतात. तिच्यात तोंडाने श्वास देण्याची गरज नाही, फक्त छातीवर दाब द्यावयाचा. ज्या शास्त्राच्या वादातून हैदराबादची कमिशने निघाली, त्याच शास्त्राच्या लोकांनी हे काम करावे, हा चांगला योग आहे. क्रम असा :

१) मनुष्य कोसळताच त्याचे खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. तो प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर हृदय बंद पडले असे समजावे. घरघर हा श्वास नव्हे. नाडी शोधण्यात वेळ घालवू नये.

२) एकाने १०८ ला फोन करावा. जवळपास ए.ई.डी. असेल तर दुसऱ्याने धावत जाऊन आणावे. 'कोणीतरी फोन करा' असे म्हटले की कोणीच करीत नाही. म्हणून एका माणसाकडे बोट दाखवून सांगावे.

३) रोग्याला सपाट, कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मध्यभागी एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात ठेवून कोपरे न वाकवता दाब द्यावा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांत माणूस थकतो. तेव्हा दुसऱ्याने जागा घ्यावी.

४) ए.ई.डी. येताच त्याचे बटण दाबावे. पुढचे सर्व ते यंत्रच बोलून सांगते. उघड्या व कोरड्या छातीवर एक चिकटपट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरी डाव्या कुशीवर काखेखाली लावावयाची. यंत्र आलेख वाचत असताना व धक्का देताना रोग्याला कोणी स्पर्श करू नये. धक्क्यानंतर लगेच पुन्हा दाब सुरू करावा.

पुष्कळांना भीती वाटते की, चुकून भलत्याच माणसाला धक्का बसला तर ? तसे सहसा होत नाही. धक्क्याने थांबेल अशी थरथर असेल तरच यंत्र धक्क्याची परवानगी देते. अन्यथा 'धक्क्याची आवश्यकता नाही, दाब चालू ठेवा' असे सांगते. हृदयाची हालचाल पूर्ण बंद झाली असेल तर धक्क्याचा उपयोग नसतो, आणि हेही यंत्र ओळखते.

कायद्याचीही भीती बाळगण्याचे कारण नाही. शुद्धीवर नसलेल्या माणसाची संमती घेणे शक्य नसताना त्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ९२ ने संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३० मध्ये तेच तत्त्व आले आहे. रस्त्यावरील अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र तरतूदही झाली आहे.

खर्चाचा हिशेब

आता शेवटचा आणि आमच्या शाखेचा प्रश्न : परवडेल काय ? ए.ई.डी.ची किंमत साधारणपणे लाख रुपयांच्या घरात असते. एका महाविद्यालयाने ते १,२०,००० रुपयांस घेतले आणि आठ वर्षे चालले असे धरू. वार्षिक घसारा १५,००० रुपये. चिकटपट्ट्या व बॅटरी ठराविक मुदतीने बदलाव्या लागतात. त्यासाठी व देखभालीसाठी वर्षाला १०,००० रुपये धरू. एकूण २५,००० रुपये. विद्यार्थिसंख्या १,५०० असेल तर प्रत्येकी वर्षाला सुमारे १७ रुपये, म्हणजे इराणी हॉटेलातील एका चहाच्या आसपास.

यावर कोणी म्हणेल की, ते यंत्र आठ वर्षांत एकदाही वापरावे लागले नाही तर पैसा वाया जाईल. मग जिन्यात टांगलेल्या आग विझवण्याच्या लाल नळकांड्याविषयी आपण असे का म्हणत नाही ? मात्र हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. कोणत्याही एका ठिकाणी अशी घटना क्वचितच घडते, म्हणून मर्यादित पैशांत यंत्रे प्रथम जेथे हजारो माणसांची ये-जा असते तेथे बसवावीत : रेल्वे स्टेशने, इमलीबनचे बसस्थानक, मेट्रो, मोठी मंदिरे, क्रीडांगणे, व्यायामशाळा, मंगल कार्यालये. आणि बसवावीत ती उघड्यावर, फलक लावून. कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेले आणि ज्याची किल्ली शिपायाकडे आहे असे यंत्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसेल, पण दहा मिनिटांच्या हिशेबात त्याचे मूल्य शून्य.

महाविद्यालयाने यंत्र घ्यावे की नाही, हे व्यवस्थापन व गुरुजन ठरवतील. त्याआधी करता येण्यासारखी एक गोष्ट जवळजवळ फुकट आहे. प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला व प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा तासभर सी.पी.आर.चे प्रात्यक्षिक द्यावे. राष्ट्रीय सेवा योजना आणि एन.सी.सी. यांच्या साहाय्याने हे सहज होईल. शहरात वैद्यकीय महाविद्यालये व इस्पितळे कमी नाहीत. विनंती केल्यास शिकवणारे मिळतील. एक गठ्ठा निघाला की त्यातील विद्यार्थी आपल्या वाड्यात, गल्लीत, गणेशोत्सव मंडळात शिकवतील. सूचना मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांत लिहून सूचनाफलकावर लावाव्यात. त्यांच्या भाषांतराचे काम आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांनी मिळून करावे, असे मी सुचवतो.

विद्यार्थिमित्रहो, १८८९ साली जगातील विद्वान 'आधी श्वास की आधी हृदय' यावर भांडत होते तेव्हा थांबलेले हृदय पुन्हा चालू करण्याचा खात्रीचा उपाय कोणापाशीच नव्हता. आज उपाय आहे, यंत्र आहे, आणि त्यातला पहिला भाग तर आपल्या दोन हातांतच आहे. तो एका तासात शिकता येतो. वार्षिक परीक्षेपूर्वीचा एक तास त्यासाठी काढणे कोणालाच जड जाऊ नये.